विलंबाचे कारण

एकवीस दिवस.
राजपत्रात छापून आल्यापासून एकवीस,
रविवार धरून, संक्रांत धरून,
गड्ड्याची यात्रा धरून.
नैसर्गिक वायूची नळी कुठल्या गटातून जाणार,
कुणाची हरकत, कुणाला पक्षकार व्हायचंय,
सगळं एकवीसच्या आत.
बाविसाव्या दिवसापासून माझ्या टेबलावर
दुसरा शिक्का असतो.

ती आली अडतिसाव्या दिवशी,
सात रस्त्यापासून चालत,
डोक्यावर कडक भाकऱ्यांची पाटी.
रेवव्वा कलशेट्टी, वळसंग,
गट नंबर दोनशे सतरा पैकी अकरा गुंठे.
अर्ज नातवाच्या हातचा, वहीच्या पानावर,
समास सोडून.

मावशी, मुदत संपली, मी म्हणालो.
कसली ओ? ती म्हणाली.
आमची भाकरी सहा म्हैने राहत्याय की.
तुमचा कागद एकवीस दिसांत विटतोय व्हय?

विलंबमाफीचा अर्ज वेगळा.
त्यात एक रकाना: विलंबाचे कारण.
लोक लिहितात आजारपण, लिहितात बाहेरगावी होतो.
एकाने लिहिलं होतं, भीती.
मीच त्याला ते खोडून
'अडचण' लिहायला लावलं होतं.
रेवव्वानं सांगितलं ते उतरवून घेतलं:
रद्दी उशिरा आली.

म्हणजे असं, की भाकऱ्या बांधायला
ती किलोवर रद्दी घेते.
नातू गठ्ठा बांधता बांधता थांबला,
आज्जे, ह्यात आपला नंबर हाय.
पेपर महिन्याभरापूर्वीचा,
शहरात कुणीतरी चहाबरोबर वाचून
किंवा न वाचता विकलेला.

नळी अडवायला नव्हती आली ती.
जाऊ दे की खालनं, म्हणाली, गॅस तर गॅस.
पर वड्याच्या अंगाला आमच्या मालकांना बसवलंय.
सातबाऱ्यावर तिथे ज्वारी आहे, जिरायत,
बसलेल्या माणसाला रकाना नाही.
खांदताना कुनाला तरी ठावं असावं, म्हणाली,
हितं मानूस बसलाय म्हनून.
तेवढंच लिवा.

मी फाइल काढली.
सुनावणी सहा वेळा पुढे गेलेली:
कंपनीचा नकाशा अपुरा,
कंपनीचे वकील हैदराबादला,
कंपनीचा नकाशा पुन्हा अपुरा.
त्यांच्या उशिराला मुदतवाढ म्हणतात.
सहाही ठिकाणी तो शब्द
माझ्याच वळणदार अक्षरात.

तारखेच्या शिक्क्याला रबरी चाकं असतात,
अंगठ्यानं मागे फिरतात.
मी फिरवली नाहीत.
निवृत्तीला चौदा महिने उरलेला माणूस मी.
'मुदतीनंतर प्राप्त' मारला,
खाली आवक क्रमांक घातला, चारशे नऊ,
आणि रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे इतक्या वर्षांत कधी काही लिहिलं नाही,
लिहिलं: ओढ्याकडेला माणूस बसलेला आहे.

मंग आता मी हाय का ह्यात?
आवकमध्ये आहात, म्हणालो.
तिनं पोच घेतली, उलटी धरून बघितली,
चार घड्या करून कमरेच्या पिशवीत खोवली.
नको नको म्हणताना दोन भाकऱ्या ठेवून गेली,
वर शेंगाचटणीची पुडी.

जेवणाच्या सुट्टीत पुडी सोडली.
तेलानं कागद आरपार झालेला.
मंद्रूपकडचे गट नंबर, दोन रांगांत,
मुंगीएवढ्या टाइपात.
सूचनेची तारीख बघितली,
बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर.
चार दिवस होते.

चटणी डब्याच्या झाकणात ओतली,
कागद टेबलाच्या काचेखाली सपाट केला
आणि मंद्रूपला ओळखीचं कोण आहे
ते आठवत बसलो.