जर्मनमाळ

खानापुराच्या अलीकडं, मलप्रभेच्या चिकणमातीत
हानसायबानं पहिली भट्टी लावली.
ओटिलिया बाई तापानं गेली.
तिच्या थडग्याला चुना अजून भरमा कुंभाराचेच लोक लावतात.
का, ते त्यांना विचारू नका.

चौदा साली पोलीस आले,
सायबाला नगरच्या छावणीत नेलं.
भरमानं भट्टी विझू दिली नाही.
साचाही तोच ठेवला,
उलटी अक्षरं न वाचता.

आता ‘जर्मनमाळ’ लिहिलेल्या पाटीवर
रात्री कुणी डांबर फासतं,
सकाळी कुणी रंग.
कन्नड की मराठी.

मी छपरावर बसून कौलं परततो.
एक उलटं केलं :
पोटात तिसरीच लिपी,
शेजारी ओल्या मातीत उमटलेला
कुणाचा तरी अंगठा.

तडा नव्हता.
परत लावलं.