उघडा डबा

शिसपेन्सिल आडवी धरून
चासीचा नंबर कागदावर उतरवला.
सतरापैकी तेरा आकडे उमटले,
चार मिठाने खाल्लेले.
वीस वर्षं बांगड्याचं बर्फपाणी
त्याच कोपऱ्यातून गळत होतं;
दर बंदीत म्हणायचो, डांबर लावू.

कणकवलीत मसुरकराने कागद बघितलाच नाही.
"दोनशेसात? मागचा ड्रम?
मॉडेल बंद, ड्रम बंद."
तोवर काउंटरवरच्या पोराने
सिंथेटिक ऑइलचा सोनेरी डबा पुढे सरकवला,
जणू मी तेवढ्यासाठीच आलो होतो.

मग फोंडाघाट चढून कोल्हापूर.
तिथे ड्रम होता, नव्या गाडीचा.
एका भोकाचा फरक.
परतीच्या एसटीत फुटका ड्रम मांडीवर घेऊन बसलो.
शेजारच्या बाईने वाकून बघितलं,
"ह्येच्यात काय शिजवतास?"

देवबाग शेवटी आठवलं.
खरं तर पहिल्यांदा तेच आठवलं होतं.
इनासची गाडी, माझ्याच वर्षाची,
सुरूंखाली चाकं बुडेपर्यंत वाळूत.
एकाच दिवशी, एकाच बँकेत
आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या.
पुढे तो पाटीमागे दोन रुपये कमी घ्यायला लागला
आणि आमचं बोलणं थांबलं, सात वर्षं.
त्याच्या मयताला मी गेलो नाही.
गाडी गोव्यात आहे, असं कळवलं.
गाडी दारात होती.

कात्रीनने पान्याचा आवाज ऐकून दार उघडलं.
"एक कित्याक? दोनय काढ.
हॉर्न मागू नको."
हॉर्न तिने खिडकीच्या गजाला बांधलाय,
वायर नाही, बॅटरी नाही.

गंज वरवरचाच निघाला.
लेथवर पाव मिलिमीटर खरवडल्यावर
आत असा लख्ख गोल
की मला माझी हनुवटी दिसली, दाढी वाढलेली.

आता तेलं.
ह्या बाबतीत झिलू मेस्त्री सोवळ्यातला माणूस.
"जुन्या इंजिनाक पातळ ऑइल घालू नको,
सगळ्या सांध्यांनी गळतला."
सोनेरी डबा बाद. पंधरा-चाळीस, डिझेलचंच.
गिअरबॉक्सला नव्वद; बोटावर घेऊन त्याने हुंगलं,
गंधकाचा वास आला तेव्हा मान हलवली.
रेडिएटरला विहिरीचं पाणी बंद,
आमची विहीर भरतीला मचूळ होते.
हिरवं कूलंट, आणि त्यात लाल चुकूनही नाही,
"मिसाळलस तर खळ होता."
ब्रेक ऑइलचा डबा मात्र
त्याने माझ्या हातातून काढूनच घेतला,
सील नखाने तपासलं.
"ह्या हवेतला पाणी पिता.
आणि हंयची हवा म्हंजे अर्धी खाडीच."

दिवेलागणीला मी पेडलवर,
तो खाली गोणपाटावर उताणा.
दाब. धर. सोड.
नळीतून आधी काळं आलं,
चोथ्यासकट चहा ओतावा तसं.
दाब. धर. सोड.
मग बुडबुडे, किती वेळ नुसते बुडबुडे,
मग बोंडूच्या रसासारखं पिवळं, नितळ.
धर.
पेडल पायाखाली घट्ट होत गेलं,
पलीकडून कुणी हात लावून उभं असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेलो.
तिच्या फाटकाशी उतार आहे, वाळूचा;
गाडी जागच्या जागी उभी राहिली.
कात्रीनने नोटा मोजल्या, दोनशे परत दिले.
"इनास म्हणायचो,
तुझो भाव जास्ती, पण बर्फ बरो घालतस."
मी काहीतरी बोललो,
बहुतेक डिझेलच्या दराबद्दल.

डब्यात निम्मं ब्रेक ऑइल उरलंय.
झिलू म्हणाला, टाक तां, उघडलेला कामाचा नाय.
टाकतो, म्हटलं.
अजून फळीवर आहे, झाकण घट्ट लावून.
रात्री भरतीचा वारा सुटतो तेव्हा
कुठून ना कुठून
तो पीतच असणार थोडं थोडं.