सकाळी आठची नोंद

तुल्चाच्या धक्क्यावर झिनोवेईनं माझी बॅग उचलली,
वजनाला हसला,
आणि होडीच्या बरोब्बर मधोमध ठेवली.
डांबर फासलेली काळी होडी, दोन्ही टोकं वर उचललेली.
लोत्का, तो म्हणाला. मी वहीत लिहिलं.
त्यानंतर दोन तास
तो रशियनमध्ये गप्प होता, मी मराठीत.

तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात पाण्याचे आकडे भरले.
सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा.
धरण पाहिलं दोनदाच, तेही खात्याच्या सहलीत.
निवृत्त झाल्यावर वाटलं,
एखादं पाणी नुसतं बघावं.
मोजू नये.

डॅन्यूब इथं नदीसारखी वागतच नाही.
समुद्र हाकेवर आलाय आणि हिला आठवतंय
की बघायच्या राहिल्यात अजून कितीतरी गल्ल्या.
दोन्हीकडे बोरूचं रान, दोन पुरुष उंच,
कुणी न लिहिलेलं.
एका वळणावर पेलिकन बसलेले,
जेवणावळीत पान वाढायला उशीर झाल्यासारखे.
झिनोवेईनं मोटर बंद केली, वाकून पातेलं बुडवलं,
नदी भरून घेतली रश्शासाठी.

निळं कुंपण, बोरूनंच शाकारलेलं छप्पर.
फेवरोनिया दारात, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.
तिनं माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही,
एका हातानं मासे ढवळत राहिली.
लसूण ठेचलेला, मक्याची पिवळी उकड
दोऱ्यानं कापून वाढलेली.
उकड, मी म्हणाले.
उकाद, ती म्हणाली, आणि पुन्हा वाढली.

झोपायला तिच्या मुलाचा पलंग.
अर्तेमी स्पेनमध्ये असतो,
प्लास्टिकच्या छपराखाली वाकून स्ट्रॉबेरी तोडतो.
हे सगळं तिनं कमरेत वाकून, हातांनी सांगितलं.
सात बोटं दाखवली. वर्षं.
चादर झटकली, परत झटकली.

खोलीच्या दाराला लाकडी चौकट.
डावीकडे पेन्सिलीच्या रेघा: अर्तेमी तीनचा, चारचा, सहाचा.
उजवीकडे चाकूच्या खाचा: त्या त्या वर्षीचं पाणी.
बहुतेक खाचा घोट्याजवळ.
एक मात्र डावीकडच्या सहाव्या वर्षाला
जवळजवळ गाठणारी.
फेवरोनियानं तळवा आडवा धरला, स्वतःच्या हनुवटीखाली.
मग मोठ्या चुलीच्या माथ्याकडे बोट केलं,
आणि कोंबडीसारखी ओरडली.
म्हणजे पोरगं वर होतं, कोंबड्यांबरोबर.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की झिनोवेई जाळं तसंच टाकून बघायला आला.

रात्री फळ्यांखाली पाणी चुळबुळत होतं.
कचेरीत ते कधी ऐकू यायचं नाही.
उजाडलं, आठ वाजले,
आणि पाय आपोआप धक्क्याच्या खांबाकडे.
मोजायचं नाही म्हणून आले होते.
मोजलं.

निघताना मी दिलेले पैसे तिनं मोजले नाहीत,
देवाच्या चित्रामागे सरकवले.
मग औषधाच्या रिकाम्या पाकिटावर लिहिलेला एक नंबर
माझ्या मुठीत दिला,
मला ओढत त्या चौकटीपुढे नेलं,
फोनकडे बोट दाखवलं. काढ.
तिथं रेंज नव्हती. मी नुसतीच मान हलवली.

परतीच्या वाटेवर, बोरू विरळ होऊ लागला तिथं,
फोन वाजला, जागा झाल्यासारखा.
मी फोटो पाठवला: रेघा, खाचा,
कडेला तिच्या रुमालाचं एक फूल.

तुल्चाचा धक्का दिसायच्या आत उत्तर आलं.
यंत्रानं भाषांतर करून दिलं.
आई कशी आहे, नाही.
तुम्ही कोण, तेही नाही.
पाणी कुठवर आलंय?

झिनोवेईची पाठ माझ्याकडे होती.
वही उघडायची गरज नव्हती.
मी लिहिलं:
धक्क्याचा खांब, वरून तिसरा खिळा.
सकाळी आठची नोंद.