पन्नासची काच

भिशी लागली ती सोळाव्या महिन्याला,
अठ्ठावीस हजार, रबर लावलेले.
आई म्हणाली, गिझर घेऊया.
मी म्हटलं, बघूया,
आणि शनिवारी पाळी सुटल्यावर
हाताचं कूलंट दोनदा साबणाने धुऊन
उद्यमबागेतून थेट खडेबाजार गाठला.

पंधरा दिवस कारखान्यात दुसरा विषय नव्हता.
यळ्ळूरचा सातेरी: कॅनन घे, चेहरे गोरे येतात.
स्टोअरमधला इराप्पा: निकॉन, डोळे झाकून.
दोघं डबे उघडे टाकून भांडले.
दोन भाषांच्या पाट्यांखाली वाढलेल्या माणसाला
हे काही नवं नसतं.
मान दोन्हीकडे हलवायची,
मनात तिसरंच काहीतरी धरायचं.

दुकान जिन्याने वर.
गदिगेप्पांनी काउंटरवर मखमल पसरली
आणि पहिलं विचारलं,
"कशाचे फोटो काढणार हैस तू?"
बजेट नाही, मेगापिक्सेल नाही.
मी गप्प.

कसं सांगणार?
शेजारच्या फौंड्रीत मंगळवारी रात्री ओतकाम असतं.
लॅडल कलंडते,
लोखंड पातळ होऊन साच्यात उतरतं,
तेव्हा अंधारात दुंडाप्पाचा चेहरा, तेवढाच, उमटतो.
दोन-अडीच सेकंद.
मोबाइलवर नुसता पांढरा डाग येतो.
त्या डागात माणूस आहे हे कुणाला पटत नाही.

एवढंच म्हटलं: अंधारातली माणसं.

त्यांनी नवा खोका आत सरकवला.
दुकानदार सहसा बाहेर सरकवतात.
"अठरा-पंचावन्न उन्हात छान. बारशाला छान.
रात्री तुझ्या हातात काही देणार नाही."
मग एक जुनी बॉडी ठेवली, कडा घासलेल्या,
बेचाळीस हजार वेळा उघडून मिटलेली,
गोकाकच्या कुणा पोराची, सगळी लग्नंच.
तिच्यावर पन्नासची काच. एक पॉइंट आठ.

"आकडा लहान, तेवढं भोक मोठं,"
म्हणाले, आणि मी गोंधळेन म्हणून थांबले.
पण आमच्याकडे गेज वाढतो तसा पत्रा पातळ होतो.
उलटे आकडे आमच्या रोजच्या जेवणातले.

काच काढली, परत बसवली.
पाव फेरा, आणि टक्.
कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी टर्नरने
शतांश मिलिमीटर राखून ही कडी कातली होती.
तिथंच मी निम्मा विकला गेलो.

"झूम नाही ह्याला."
"मग?"
"पाय हैत की तुला."

एक लांब काचही होती, सत्तर-तीनशे, स्वस्त.
त्यांनी आत बॅटरी मारून दाखवली:
बुरशी. कोळ्याने अर्धवट सोडलेलं जाळं.
"खानापूरच्या दमट हवेनं खाल्ली.
डब्यात सिलिका टाकून ठेव. तांदूळ नको, पीठ उडतं."
विकणाऱ्यानेच दोष दाखवायचा!
आमच्या इन्स्पेक्शनला असा माणूस नाही.

तेवीस हजार पाचशे. कार्ड वेगळं, पट्टा फुकट.
जिन्यावर असताना मागून म्हणाले,
"आधी बेळकु नोडु. मग बटण."
बेळकु म्हणजे उजेड.
क्षणभर वाटलं, गावाचं नाव इथूनच आलं असणार.
नाही, बांबूवरून आलं म्हणतात.
त्या संध्याकाळपुरतं मी माझंच खरं धरलं.

मंगळवारी पहिले सोळा वाया.
तोच पांढरा डाग, आता महागातला.
सतराव्यात दुंडाप्पा आहे.
फोकस नाकाच्या शेंड्यावर, डोळे हललेले,
कपाळावर घाम की ठिणगी, सांगता येत नाही.
मी सहा पावलं लांब होतो.
पुढच्या मंगळवारी चार.

आईला दाखवला.
तिने दोन बोटांनी स्क्रीन ताणून बघितला.
ताणेना.
मग खुर्चीच पुढे ओढली, वाकली,
बराच वेळ काही बोलली नाही. गिझरचंही नाही.
"डोळ्यास्नी कायबी लावत न्हाई का ह्यो?"