चारशे शब्द

पिराजी क्लॅरिनेट पुसतो
माझ्याच पेपरनं. रविवारची पुरवणी.
"तुमचा कागद बरा," म्हणतो, "थुंकी लगेच पितो."

डेंगळे पुलाखाली पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी विचारलं होतं
कुठल्या बँडमध्ये होतात, घर कधी सुटलं,
दारू घेता का.
त्यानं फक्त रीड मागितली. अडीच नंबरची.
लक्ष्मी रोडला तीन दुकानं पालथी घातली मी.

बातमी आली. चारशे शब्द, फोटोसकट.
लोक आले, मोबाइल धरून उभे राहिले, गेले.
चौथ्या दिवशी महापालिकेची गाडी आली
आणि गोधडी, पातेलं, वरातीचा लाल कोट
उचलून घेऊन गेली.
वाद्य तेवढं छातीशी होतं.

आता तो नदीपलीकडे असतो. कुठे, ते लिहिणार नाही.
गुरुवारी माझी सुट्टी. जाते.
वही नेत नाही.

चहावर साय धरते. तो मारवा लावतो.
कोमल रिषभाची चावी चिकटपट्टीनं बांधलेली,
ती अडते. शिवी हासडतो,
पुन्हा पहिल्यापासून.

मध्येच थांबून विचारतो,
"त्या चारशेत हा होता का?"

"कुठला?"

"हाच. अडतो तो."