चार दहाची नागभीड

पत्रकं छापली दोनशे, पिवळ्या कागदावर:
"छोट्या रेल्वेचा वारसा जपू या. घरातली वस्तू आणा."
वारसा म्हटल्यावर क्वार्टरांतल्या लोकांना वाटलं,
पेन्शनचं काहीतरी निघालं.
तीन जण मृत्यूचा दाखला घेऊन आले,
एकानं तर चार झेरॉक्स.
मी शाळेतली ड्रॉइंगची बाई,
त्यांना पाणी दिलं, आणि उरलेल्या पत्रकांच्या
पाठीवर हातानं लिहिलं:
नॅरोगेजचं काय काय उरलं तुमच्यापाशी?

मग येत गेलं.
बोरकुट्यांकडून हातबत्ती, लाल काच फुटलेली,
हिरवी शाबूत.
"म्हणूनच मामंजी कुठं थांबले नाहीत कधी,"
सून म्हणाली, आणि हसली नाही.
लेस्ली डिक्रूझनं पाकिटातून काढलं
इन्स्टिट्यूटमधल्या नाचाचं तिकीट, सव्वा रुपयाचं,
न फाडलेलं.
कुणासाठी घेतलं होतं, ते मी विचारलं नाही.
खेमराज साहू खांद्यावरून घेऊन आला
रुळाचा हातभर तुकडा,
ज्यानं त्याची आई बत्तीस वर्षं जवस कुटते आहे.
संध्याकाळी परत घेऊन गेला.
चटणी व्हायची होती.

अप्पलनरसम्मा रिकाम्या हातानं आली.
खुर्चीत बसली, पदरानं मान पुसली,
अर्धं तेलुगूत, अर्धं आपल्या बोलीत म्हणाली,
"माह्यापाशी काय आहे? टाइम आहे फक्त."
चार दहाची नागभीड आली की ती डाळ चढवायची.
गाडी लेट तर डाळ लेट,
त्यात नवरा गाडीवरच फायरमन, तोही लेट,
कुणाचंच कुणावाचून अडत नसे.
घड्याळ घेतलंच नाही घरात.
"आता गाडी नाही, तं डाळ कधी कच्ची राहते, कधी लागते."

वहीत 'वस्तू' या रकान्यात मी लिहिलं:
चार वाजून दहा.
'परत केल्याची तारीख' कोरी ठेवली.

रविवार. गेट होतं तिथं आता डांबर,
दोन्ही बाजूंना गुपचूपचे ठेले.
चारला पाच कमी असताना मारोतराव नेवारे,
रिटायर गेटमन, धुतलेला खाकी घालून आले
आणि मांडवाचा एक बांबू
रस्त्यावर आडवा धरला.
परवानगी नव्हती. आम्हालाही सांगितलं नव्हतं.

ई-रिक्षा थांबल्या. दह्याचा टेम्पो.
तोंडाला ओढण्या बांधलेल्या स्कूटीवरच्या पोरी.
हॉर्न, हॉर्न, हॉर्न.
"कोणती गाडी येऊन राहिली, काका?"
"नागभीड."
"ते तं बंद पडली ना."
"म्हून तं लेट आहे."

कोण हसलं आधी, ठाऊक नाही.
कुणीतरी इंजिन बंद केलं, मग शेजारच्यानं,
पेट्रोल कशाला जाळा.
एवढ्या वर्षांत त्या रस्त्यावर
मी पहिल्यांदा चिमणी ऐकली.
क्वार्टरांतली म्हातारी माणसं एकदम
डावीकडं बघू लागली, इतवारीच्या उलट दिशेला,
आणि त्यांचं बघून पोरंही.
पोरं डबे मोजायला लागली.
सात, एक म्हणाला.
आठ, दुसरा: "गार्डाचा धरला नाही तू."
भांडण झालं, चांगलं हातघाईवर आलं.

नेवारे बांबू सोडीनात.
"गार्डाचा इशारा कुठं?"
तेव्हा बोरकुट्यांची सून पुढं आली,
भर उन्हात बत्ती उचलली
आणि हिरवी दाखवली.

बांबू वर गेला.
दहीवाला शिव्या देत निघाला, त्याचंही बरोबर होतं.
पण त्याच्या मागची ई-रिक्षा,
जिथं रूळ नाहीत,
तिथं हळू झाली, पुढचं चाक जपून घातलं,
मग मागची दोन.

अप्पलनरसम्माला शोधलं, फोटोसाठी.
ती केव्हाच घरी गेली होती.
तिच्या क्वार्टरातून
कुकरच्या शिटीच्याही आधीचा,
हळद पडल्याचा वास येत होता.