वटवट्या

कार्डात त्र्याहत्तर फोटो. सगळे तपकिरी.
एकात नुसतं गवत आहे, वाकलेलं,
म्हणजे बटण दाबेपर्यंत तो होता.
तोही पुसला नाही.

मी गाचेरू. न्जाबिनीच्या बाजारात
एकेचाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले.
मागचं झाकण न काढता सांगायचो,
ही घरघर कंडेन्सरची, ही खरखर सैल तारेची,
आणि ह्याचे नुसते सेल संपलेत, बाई, घरी जा.
आता रेडिओ कोणी आणत नाही.
मुलाने मोंबासाहून कॅमेरा पाठवला, वापरलेला,
पट्ट्यावर कुणाच्या तरी कुत्र्याचे दात.

किनांगोपचं पठार मे महिन्यात
ओल्या घोंगडीसारखं अंगावर पडतं.
कुंपणापलीकडे गवताचे झुपके,
अलीकडे बटाटे. दरवर्षी कुंपण
दोन पावलं पलीकडे चालतं. मी मोजलंय.

झुपक्यात वटवट्या.
पुस्तकात त्याला चार पानं दिलीत
आणि चारही पानांवर चित्रकाराने
एकच पक्षी काढून ठेवलाय,
एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं.
कुणाची शेपूट नखभर आखूड,
कुणाचं डोकं जरा तांबूस, तेही ऊन असलं तर.
शेवटी पंडितांनी हात टेकले
आणि रूप सोडून तोंडावरून नावं ठेवली:
हा रडका, हा घोगरा, हा खरखऱ्या,
हा पिरपिऱ्या. जशी काही माझ्या सासुरवाडची माणसं.
मी हसलो. म्हटलं, हे तर माझंच काम.

मग एका सकाळी तो खांबावर येऊन बसला,
पंधरा पावलांवर. असं कधी होत नाही.
भिंगात मावेना: छातीवर दव,
एक पाय तारेला, एक वाळक्या काडीला,
चोच उघडी, आत शाईसारखं काळं,
गळा शिलाई मशीनसारखा थरथरतोय
आणि आवाज नाही.

कॅमेरा खाली घेतला. कान चोळला.
वारा ऐकू येत होता. दुधाचे कॅन नेणारी
मोटरसायकल ऐकू येत होती, पार चढापर्यंत.
त्याचं तेवढं स्टेशन लागत नव्हतं.

मागे न्यावीरा, मेंढ्या घेऊन.
"गुका, केवढ्यांदा ओरडतोय तो!"
"कसा?"
चेष्टा करतोय का, हे तिने आधी बघून घेतलं.
मग तिचे ओठ हलले. नुसते ओठ.
"खाली," मी म्हटलं, बोटांनी हवेतलं बटण फिरवत.
ती उतरली. "अजून."
अजून उतरली, मेंढ्यांना हाकायच्या आवाजापर्यंत,
आणि तिथे मला तो सापडला:
तीन तुटक ठिपके, एक लांब ओरखडा,
पुन्हा ठिपके.
तोवर मेंढ्या बटाट्यात शिरल्या होत्या.

नैरोबीच्या संग्रहालयातला मुतुगी आला,
पडद्यावर बोटांनी पक्षी ताणताणून बघितला.
"ह्यातला कुठलाही असेल. बोलला का?"
"बोलला."
"काय?"
आता आली पंचाईत. घसा खाकरून
मी न्यावीराचं म्हणून दाखवलं,
बाजाराच्या रस्त्यावर, सत्तरीचा माणूस,
चहावाल्याने किटली खाली ठेवली.
मुतुगी हसला नाही. "पुन्हा," म्हणाला.
मग वहीत काहीतरी लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.
मला उलटं वाचता येतं. काउंटरची सवय.

प्रश्नचिन्हाला माझी हरकत नाही.
दुकानातल्या निम्म्या रेडिओंवर
माझ्याच हाताने चिकटवलेलं असायचं ते.

अजून जातो. चोच उघडी दिसली की दाबतो
आणि मागे वळून बघतो.
शाळा असते तेव्हा ती नसते.
त्या दिवसांच्या फोटोंपुढे वहीत
जागा सोडून ठेवतो, शनिवारपर्यंत.